समुद्रावरचा वर आणि विवाहाचा कायदा
(न्हावा शेवा परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरकरणी चमत्कारिक वाटेल. जमिनीचा मोबदला, साडेबारा टक्क्यांचे भूखंड, बंदरातील कंत्राटी कामगार असे प्रश्न समोर उभे असताना, व्हिडिओ कॉलवरून कायदेशीर लग्न लागते काय, या चर्चेत वेळ का दवडावा, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न याच किनाऱ्याचा आहे. १९८९ साली येथे बंदर सुरू झाले. न्हाव्याला ‘रहमान’ या प्रशिक्षण जहाजाच्या नावाने चालणारी नौकाशिक्षणाची संस्था आहे. व्यापारी जहाजांवर जाणारा माणूस महिनोन् महिने घरापासून दूर राहतो. २०२० साली महासाथीमुळे जहाजांवरील माणसांची अदलाबदल थांबली, तेव्हा जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही समुद्रावरच अडकून पडले. अशा माणसाचे ठरलेले लग्न लांबते, तेव्हा ‘पडद्यावर उरकून घेऊ’ हा विचार घरात सहज येतो. म्हणून कायदा काय म्हणतो, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम हिंदू विवाह कायदा, १९५५. त्याच्या सातव्या कलमानुसार विवाह रूढ विधींनी लागतो; सप्तपदी हा विधी असेल तेथे सातवे पाऊल पडल्यावर तो पूर्ण होतो. एक पाऊल उरणमध्ये आणि दुसरे सिंगापूरच्या वाटेवर, अशी सप्तपदी कायद्याने कल्पिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हेही स्पष्ट केले की, विधी झालाच नसेल तर केवळ नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. तेव्हा पडद्यावर अक्षता टाकून ग्रामपंचायतीतून दाखला मिळवला, तरी तो उद्या न्यायालयात टिकेलच याची हमी नाही. शिवाय महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यान्वये नोंदणीसाठी वधूवर व तीन साक्षीदार यांनी निबंधकापुढे जातीने हजर व्हावे लागते.

दुसरा मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४ याचा. येथे पुरोहित नाही, विधीचे बंधन नाही. म्हणून दूरस्थ विवाहाला वाव असेल तर येथेच. या कायद्याच्या अटी नीट ध्यानात घ्या. वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण हवे. दोघांपैकी एकाचे तरी नोटिशीपूर्वी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य हवे. वर समुद्रावर असला तरी रायगडात राहणाऱ्या वधूमुळे ही अट भागते. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती रद्द होते. अखेरीस विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्या समक्ष दोघांनी परस्परांचा कायदेशीर पतिपत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द, त्यांना समजणाऱ्या भाषेत, उच्चारावे लागतात.

वादाचे मूळ या ‘समक्ष’ शब्दात आहे. पडद्यावरची उपस्थिती ही उपस्थिती मानावी काय? केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अंतरिम आदेशाने अशा विवाहास परवानगी दिली, पण अटी घालून: साक्षीदारांनी अधिकाऱ्यापुढे प्रत्यक्ष यावे, पडद्यावरील व्यक्तीची ओळख त्यांनी पटवावी, पारपत्रासारखा अधिकृत दस्तऐवज द्यावा. जुलै २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कन्याकुमारी जिल्ह्यातील वधू आणि अमेरिकेतील वर यांचा विवाह तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत अशा रीतीने लावण्याचा आदेश दिला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्णय मात्र वेगळ्या स्वरूपाचा होता. तेथे विवाह आधीच प्रत्यक्ष झाला होता. केवळ नोंदणीसाठीची हजेरी पडद्यावरून मान्य झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. लग्न लागणे आणि लागलेले लग्न नोंदणे, या दोन गोष्टींची गल्लत करू नये. दुसऱ्या राज्यातील उच्च न्यायालयाचे निर्णय आपल्याकडील अधिकाऱ्यावर थेट बंधनकारक नसतात. त्याने नकार दिला तर उरतो तो मुंबई उच्च न्यायालयाचा रस्ता. तो किती खलाश्यांना परवडेल?

वकिलातीत जावे म्हटले, तर १९६९ च्या परदेशस्थ विवाह कायद्यातही एका पक्षाचे तेथे ३० दिवसांचे वास्तव्य लागते. दोन दिवसांनी बंदर बदलणाऱ्या माणसाला ते कोठून जमणार?

मग समक्षतेची अट म्हणजे निव्वळ कालबाह्य अडगळ समजायची काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत मुलीचा चेहरा दिसतो. चौकटीबाहेर उभा असलेला काका दिसत नाही. परदेशी नोकरीच्या नावावर लग्न करून मुलीला वाऱ्यावर सोडल्याची प्रकरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. कचेरीतील अधिकारी, तीन साक्षीदार, तीस दिवसांचा काळ ही कुंपणे दुर्बल पक्षाच्या संमतीसाठी घातलेली आहेत.

२५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचा विवाह झाला तेव्हा भटजीची मध्यस्थी गेली. पण वधूवरांचा शब्द आणि तो ऐकणारा समाज, दोन्ही राहिले. पुरोहित नको म्हणणे वेगळे आणि साक्षीदार नको म्हणणे वेगळे. तंत्र बदलो; संमती जाहीर, स्वतंत्र आणि पडताळता येणारी असलीच पाहिजे.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. विशेष विवाह कायद्याच्या पन्नासाव्या कलमाने राज्य सरकारला नियम करण्याचा अधिकार आहे. तो वापरून सरकारने खलाशी व परदेशस्थ कामगारांसाठी मार्ग आखावा: एक पक्ष आणि तिन्ही साक्षीदार कचेरीत प्रत्यक्ष हजर, दूरच्या पक्षाची ओळख पारपत्र व जहाजसेवेच्या पुस्तिकेवरून, आणि वधूला, नातेवाइकांना बाहेर बसवून, अधिकाऱ्याने एकटीला विचारणे. सोय आणि संरक्षण एकाच नियमात आले पाहिजे. हे झाले नाही तर ज्याच्यापाशी वकिलाची फी आहे त्यालाच कायद्याचा लाभ मिळेल.

तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे. घरोघरी सांगावे की पडद्यावरच्या अक्षतांनी बायकोचा पोटगीचा वा वारसाचा हक्क पक्का झाला असे समजू नका. खलाशी घरी येण्याची तारीख कळताच नोटिशीचा हिशेब मांडा. महाराष्ट्रात ती ऑनलाइन भरता येते. तो उतरेल तेव्हा तीस दिवस संपलेले असतील आणि नोटिशीची तीन महिन्यांची मुदत उलटलेली नसेल, अशी तारीख धरली तर त्याची तुटपुंजी सुट्टी वाट पाहण्यात जाणार नाही, आणि मुलीच्या हाती निर्विवाद दाखला पडेल. १९८४ च्या जानेवारीत याच तालुक्यातील पाच शेतकऱ्यांनी जमिनीच्या हक्कासाठी प्राण दिले. त्या भूमीतील मुलीचा हक्क एका धूसर पडद्याच्या भरवशावर राहू नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.