गर्भपाताचा परवाना आणि परिचारिका
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैद्यकीय गर्भपाताचा कायदा या देशात १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. पन्नास वर्षे उलटून गेली, तरी या कायद्याचा लाभ नेमका कोणत्या वर्गातील स्त्रीच्या पदरात पडला, हा प्रश्न पुरोगामी चळवळीने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला, अशी आपली एक भाबडी समजूत असते. हक्क बजावण्याची जागा कोठे आहे, ती किती कोसांवर आहे, तेथे कोण बसलेले आहे आणि त्यासाठी किती दिवसांची मजुरी बुडवावी लागते, यावर त्या हक्काची खरी किंमत ठरते.

मूळ गोष्ट इंग्रजी अमलातील आहे. भारतीय दंडसंहिता १८६२ साली लागू झाली आणि तिच्या ३१२व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरविला. करवून घेणारी स्त्रीही त्यात गुन्हेगारच. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. सरकार शिक्षेची तजवीज करीत असताना फुले दांपत्य विधवेच्या सुरक्षित बाळंतपणाची तजवीज करीत होते. १९७१ च्या कायद्याने ते कलम रद्द केले नाही; विशिष्ट अटी पाळणाऱ्या डॉक्टराला त्यातून सूट दिली, इतकेच. २०२४ च्या जुलैपासून दंडसंहिता गेली, तिच्या जागी न्यायसंहिता आली. परंतु कलम मात्र आकडा बदलून ८८व्या क्रमांकावर जसेच्या तसे जाऊन बसले.

ही सूट कोणाला, हा आजचा मुद्दा आहे. कायद्याच्या भाषेत ती ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’ला आहे. म्हणजे ॲलोपॅथीचा पदवीधर, आणि त्यातही स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचा अनुभव किंवा प्रशिक्षण असलेला. हे प्रशिक्षण किती, हे २००३ च्या नियमांत पाहण्यासारखे आहे. मान्यताप्राप्त संस्थेत पंचवीस गर्भपातांत साहाय्य करावयाचे, त्यांपैकी पाच स्वतंत्रपणे करावयाचे. एवढे केलेल्या डॉक्टराला पहिल्या बारा आठवड्यांपर्यंतचे गर्भपात करण्याची मुभा मिळते. वर्षानुवर्षे बाळंतपणे करणाऱ्या परिचारिकेला पंचवीस वेळा पाहून, करून जे शिकता येणार नाही असे यात काय आहे?

अनुभव तर असे सांगतो की ते तिला येते. बांगलादेशात १९७९ पासून ‘मासिक पाळी नियमन’ या नावाने ही सेवा सरकारी केंद्रांत मिळते आणि ती देणाऱ्यांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित स्त्री-कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. नेपाळने २००२ साली कायदा बदलला; पुढे तेथील सहायक परिचारिका गोळ्यांचा गर्भपात डॉक्टरांइतक्याच सुरक्षितपणे करतात, हे रीतसर चाचणीने सिद्ध झाले. आपल्याच बिहार व झारखंडात झालेल्या अभ्यासात हाताने चालविण्याच्या निर्वात-साधनाने परिचारिकांनी केलेले गर्भपात डॉक्टरांच्या तुलनेत कोठेही कमी पडले नाहीत. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९६ साली जो कायदा केला, त्यात प्रशिक्षित सुईणींना बारा आठवड्यांपर्यंतचा अधिकार प्रथमपासूनच दिला. त्या कायद्यानंतर काही वर्षांतच असुरक्षित गर्भपाताने होणारे मृत्यू तेथे नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. तेथेही सदसद्विवेकाचे कारण देऊन काम नाकारणाऱ्या परिचारिका आहेतच. कायद्याने सर्व काही सुटले, असे कोणी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सुईणी व परिचारिका यांना हे काम द्यावे, असे स्पष्टपणे म्हटले आहे.

आपल्याकडे संधी आली नव्हती असे नाही. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दुरुस्तीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात परिचारिका व एएनएम यांचा समावेश होता. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त होऊन आला तेव्हा त्यात मुदत काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढलेली होती, ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या शब्दांऐवजी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ हे शब्द आलेले होते. परिचारिका मात्र गळालेली होती. अर्थशास्त्रात याला मक्तेदारीचे उत्पन्न म्हणतात. पुरवठा परवान्याने आवळून धरला की परवानाधारकाला त्याच्या कौशल्याच्या मोबदल्याखेरीज परवान्याचाही मोबदला मिळतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. येथे गिऱ्हाईक म्हणजे गरजेने हतबल झालेली स्त्री. घासाघीस करण्याइतका वेळही तिच्यापाशी नसतो.

मक्तेदारीच्या भिंतीला भगदाड पडतेच. २०१५ सालच्या भारतातील गर्भपातांचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. दवाखान्यात झालेले २२ टक्केच. म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीचा जो आग्रह कायदा धरतो, तो बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत कागदावरच आहे. तिला सल्ला देतो तो औषधाच्या दुकानातील पोऱ्या. किती दिवस झाले, कोणती गोळी आधी, कोणती नंतर, रक्तस्राव किती झाला म्हणजे घाबरावयाचे, हे तिला समजावून सांगणारी परिचारिका उपकेंद्रात बसलेली असते आणि कायद्याने तिला हात बांधून बसविलेले असते. सपाट प्रदेशात पाच हजार, डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारचाच निकष आहे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या किंवा भामरागडच्या पाड्यांवरील स्त्रीला याहून जवळची सरकारी जागा नाही.

लिंगनिदानाचा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. महाराष्ट्राने बीड आणि सांगली जिल्ह्यांत काय पाहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या प्रकरणांत आरोपी म्हणून पुढे आले ते दवाखाने चालविणारे डॉक्टर होते, उपकेंद्रातील नर्सबाई नव्हत्या. शिवाय गोळ्यांचा गर्भपात पहिल्या नऊ आठवड्यांत करावयाचा असतो. सोनोग्राफीने लिंग सांगणारे आपला धंदा त्यानंतर करतात. मुलगी नको म्हणून होणारे गर्भपात थांबविण्यासाठी लवकरचे गर्भपात अवघड केले, तर स्त्री उशिरा येते आणि अधिक धोका पत्करते.

याहून गंभीर आक्षेप दुसराच आहे आणि तो आपल्याच बाजूने यावयास हवा. आणीबाणीच्या काळात याच परिचारिकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट देण्यात आले होते. केस न मिळाल्यास पगार अडविण्याचे प्रकार झाले. पुढेही ती कार्यपद्धती वेगवेगळ्या रूपांत टिकली आणि गावात नर्सबाई आली की बाया दार लावून घेत. त्याच हातांत गर्भपाताचे काम द्यावयाचे तर उद्दिष्ट, बक्षीस आणि आकड्यांची स्पर्धा यांचा वाराही त्याला लागता कामा नये. तसेच, आज हजारो एएनएम कंत्राटी आहेत. लसीकरण, बाळंतपणे, सर्वेक्षणे, नोंदी यांचा भार आधीच त्यांच्यावर आहे. अधिकाराच्या नावाखाली आणखी एक बिनपगारी ओझे त्यांच्या डोक्यावर ठेवण्यास चळवळीने संमती देऊ नये.

केंद्राने २०१८ साली सुईणशास्त्रातील ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरविला आणि २०२३ साली परिचर्या व सुईणशास्त्र आयोगाचा कायदाही झाला. म्हणजे सुईण हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे सरकारने मान्य केले आहे. तेव्हा पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी मागावयाचे ते एवढे: गर्भपाताच्या कायद्यातील व्यवसायीच्या व्याख्येत प्रशिक्षित परिचारिका व सुईण यांचा बारा आठवड्यांपर्यंत समावेश, कायम नेमणूक आणि वाढीव वेतन, गुंतागुंत झाल्यास ग्रामीण रुग्णालयापर्यंत वाहनाची हमी, आणि प्रामाणिकपणे काम केलेल्या परिचारिकेला ८८व्या कलमाखालील खटल्यापासून, डॉक्टरला आहे तेच, संरक्षण. परिचारिकांच्या संघटनांशी या मसुद्याबाबत बोलणी जिल्हा पातळीवर सुरू व्हावयास हवीत, आणि ती मसुदा पक्का होण्याआधी.