दम कशाने लागतो?

संध्याकाळी दारव्ह्याच्या पटांगणावर पोट्ट्यांचा कबड्डीचा डाव रंगतो. (हाच खेळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला दाखवला.) गडी एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत घुसतो आणि परतला की भात्यासारखा धापा टाकतो. आपण म्हणतो, हवा कमी पडली. खरी गोष्ट निराळी आहे.

स्नायू काम करतात ते अन्नातली साखर नि चरबी प्राणवायूच्या साह्याने जाळून. चुलीतून धूर निघावा तसा त्यातून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निघतो. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर कर्बवायू बाहेर टाकतो. जोराने धावणाऱ्याचा आकडा दोन-तीन लिटरांवर जातो! गड्याने श्वास घेतला नाही की हा वायू रक्तात साचतो. मेंदूच्या तळाशी श्वासाचा पहारेकरी बसला आहे, तो लगेच दार ठोठावतो. प्राणवायू घटल्याचे मात्र त्याला फार उशिरा कळते.

गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. दोन पेल्यांत चुन्याची निवळी घ्या. एक मुलगा बसलेला, दुसरा नुकत्याच पन्नास बैठका मारलेला. दोघांनी पपईच्या पानाच्या पोकळ देठातून हळू फुंकायचे. ओढायचे मात्र नाही, निवळी तोंड पोळते. बैठकावाल्याची निवळी बहुधा आधी दुधाळ होईल.

आता विहिरीकडे या. उन्हाळ्यात पोहायला गेलेली पोरे पैज लावतात, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो? एखादा हुशार आधी भराभर वीस-पंचवीस खोल श्वास घेतो. त्याला वाटते, छातीत हवा भरून घेतली. प्रत्यक्षात प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कर्बवायू तेवढा धुऊन निघतो, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवले. मग पाण्याखाली हातपाय मारताना प्राणवायू संपत येतो, पण दम लागल्याचे कळत नाही, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा एकाएकी बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही. काठावरची पोरे आकडे मोजत असतात, त्यांना वाटते, गडी अजून दम काढतो आहे.