वाढत्या कंपनीतील नोकरी : संधी आणि सावधगिरी

(शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या गावातील पदवीधर मुले आज पुण्या-मुंबईकडे ज्या कंपन्यांतून नोकरीस लागतात, त्यांपैकी काही कंपन्यांचे वय आपल्या प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्याइतकेही नसते. अशा नव्या, झपाट्याने वाढू पाहणाऱ्या कंपनीस 'स्टार्टअप' म्हणतात. केंद्र शासनाने जानेवारी २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' उपक्रमास प्रारंभ केला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपले नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण जाहीर केले. तेव्हापासून हा शब्द खेड्यापर्यंत पोहोचला. परंतु अशा कंपनीत काम करणे म्हणजे नेमके काय, ही माहिती मात्र त्या प्रमाणात पोहोचली नाही. ती उणीव थोडी भरून काढावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

पुण्यातील एक आरंभ

एक उदाहरण आपल्याच राज्यातील घेऊ. जुलै १९८१ मध्ये नारायण मूर्ती व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी पुण्यात 'इन्फोसिस' ही कंपनी स्थापन केली. भांडवल होते दहा हजार रुपये, आणि तेही सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिलेले. घर हेच कार्यालय. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करणाऱ्या या कंपनीजवळ आरंभी स्वतःचा संगणक नव्हता. टेलिफोनसाठी वर्षभर वाट पाहावी लागली आणि संगणक आयात करण्याच्या परवान्यासाठी दिल्लीचे अनेक हेलपाटे घालावे लागले, असे मूर्ती यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली.

दहा वर्षे होत आली तरी यश दिसेना. १९९० मध्ये कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ती विकून मोकळे व्हावे असे भागीदारांना वाटू लागले होते. मूर्ती यांनी उलट त्यांचेच हिस्से घेण्याची तयारी दाखविली आणि अखेर सर्वजण थांबले. १९९३ मध्ये ९५ रुपये दराने शेअर विक्रीस काढले, त्यांनाही पुरेशी मागणी आली नाही. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या 'नॅसडॅक' शेअर बाजारात नोंद झालेली ती पहिली भारतीय कंपनी ठरली. आज तिच्यात तीन लाखांहून अधिक माणसे काम करतात.

ही कथा आपण शेवटाकडून ऐकतो, म्हणून ती गोड लागते. जे आत होते त्यांना शेवट ठाऊक नव्हता. वाढत्या कंपनीतील नोकरीचे मर्म या न दिसणाऱ्या शेवटात आहे.

आतील जीवन

वीस माणसांची कंपनी एखाद्या एकत्र कुटुंबासारखी असते. हिशेब पाहणारा गिऱ्हाइकाशीही बोलतो आणि वेळ पडली तर सामानाच्या पेट्याही उचलतो. वरिष्ठ समोरच बसलेले असतात. निर्णय सकाळी होतो आणि दुपारी अमलात येतो. नव्या उमेदवारास दोन वर्षांत जे शिकावयास मिळते, ते मोठ्या कार्यालयात दहा वर्षांतही मिळेलच असे नाही. चुकाही होतात, आणि त्या निस्तरण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावरच येते.

माणसे दोनशे झाली की घराचे गाव होते. विभाग पडतात, नियम येतात, वरचे अधिकारी बाहेरून आणले जातात. ज्याने पहिल्या दिवसापासून राबून काम उभे केले, त्यास काल आलेल्या माणसाकडे रजेचा अर्ज करावा लागतो. यात कोणाचा अपराध नसतो, परंतु मन दुखावते. कामाचे तास वाढतात, जेवणाची वेळ राहत नाही. सणाला मुलगा घरी येतो आणि ओट्यावर संगणक घेऊन बसतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

पैशाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. शेतकरी कर्ज काढून विहीर खणतो. पाणी लागेपर्यंत मजुरी कर्जातूनच द्यावी लागते. पुष्कळ स्टार्टअप कंपन्यांचे तसेच असते. पगार नफ्यातून नव्हे, तर गुंतवणूकदारांच्या पैशातून होतो. पाणी लागण्याआधी पैसा संपला आणि नवा मिळाला नाही, तर काम थांबते. २०२२ व २०२३ या वर्षांत देशातील अनेक स्टार्टअप कंपन्यांनी कर्मचारी कमी केले, त्यामागे नव्या गुंतवणुकीचा आटलेला ओघ हे एक मोठे कारण होते.

काही कंपन्या पगाराबरोबर ठरलेल्या दराने शेअर घेण्याचा हक्क देतात. इन्फोसिसने १९९४ मध्ये अशी योजना आणली आणि अनेक सामान्य कर्मचाऱ्यांना तिचा मोठा लाभ झाला. मात्र हा हक्क टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत हाती येतो. कंपनी बुडाली तर तो केवळ कागद उरतो. म्हणून त्याच्या भरवशावर घराचे कर्ज काढू नये.

घरातला अनुभव

माझा पुतण्या अशाच एका कंपनीत लागला. तेव्हा तेथे तीस माणसे होती, दोन वर्षांत तीनशे झाली. पगार दुप्पट झाला तेव्हा मीच गावभर पेढे वाटले. त्याने हप्त्यावर मोटार घ्यावी काय असे विचारले, तेव्हा "घे की," असे मीच म्हणालो. तिसऱ्या वर्षी एका सकाळी शंभर जणांची नोकरी गेली, त्यांत तो होता.

तो घरी आला. दोन महिने पारावर गेला नाही. "काढून टाकला" एवढेच गाव बोलत होते. एके रात्री तो मला म्हणाला, "काका, काम शिकलो त्याचे दुःख नाही. पण हे असे होऊ शकते, हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते." माहिती देणे हाच माझा व्यवसाय. जिल्ह्याला माहिती देणाऱ्या माणसास घरातल्या मुलाला ती देता आली नाही. आज त्यास दुसऱ्या ठिकाणी चांगले काम आहे, आणि पहिल्या कंपनीत शिकलेले तेथे उपयोगी पडत आहे. पण ते वाक्य मी विसरलो नाही.

आपण काय करावे

शिक्षकांनी मुलांना अशा नोकरीची भीती घालू नये आणि मोहही पाडू नये. काही प्रश्न विचारावयास शिकवावे. लेखी नियुक्तिपत्र आहे काय? वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी कापला जातो काय, आणि तो खात्यात जमा होतो काय? कंपनीचा पैसा गिऱ्हाइकाकडून येतो की गुंतवणूकदाराकडून? येथे मी काय शिकणार? त्याबरोबरच, पहिल्या पगारापासून थोडे बाजूला टाकून सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवावा, ही शिकवण द्यावी.

अधिकारी मित्रांनी टेलिफोनसाठी वर्षभर थांबलेले ते सात जण आठवावेत. आपल्या टेबलावर आठवडाभर पडून राहिलेला अर्ज हा एखाद्या लहान कंपनीचा महिन्याचा पगार असू शकतो.

आणि पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे. असा मुलगा गावी परत आला तर त्यास पारावर बोलवा. पाऊस दगा देतो तेव्हा आपण शेतकऱ्यास दोष देत नाही. कंपनी बसली म्हणून त्या मुलास तरी का द्यावा? त्याच्याजवळचे शिकलेले काम गावातील दूध संस्थेच्या किंवा बचत गटाच्या हिशेबासही उपयोगी पडेल. त्यास एवढेच विचारा, "तेथे काय शिकलास ते आम्हाला सांग."