दुसरी कीर्द आणि रात्रपाळी



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या तबकडीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या यंत्रावर आमच्या माणसाची हजेरी लागते आणि पगार निघतो, त्याची चाल आम्ही नाही समजून घ्यायची, तर कोणी? एका कारखान्यात महिनाअखेरची हजेरी रात्रीतून भरत. काम पहाटेपर्यंत लांबू लागले, तेव्हा रात्रपाळीच्या दोन मुलांना कामचुकारपणाच्या नोटिसा मिळाल्या. त्याच महिन्यात डेटाबेसची नक्कल दुसऱ्या यंत्रावर ठेवणे सुरू झाले होते; नोटिशीत त्याचा उल्लेख नव्हता.

दुकानदार आधी कीर्द लिहितो, मग सवडीने खतावणी. डेटाबेसचेही तसेच. व्यवहार पक्का म्हणायचा, तर कीर्दीतली ओळ तबकडीवर खरोखर उमटली पाहिजे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. दर नोंद वेगळी पक्की केली, तर नोंदीमागे साधारण एक फेरा पडतो. दहा हजार कामगार, दिवसाला चार नोंदी, पंचवीस दिवस : दहा लाख नोंदी. म्हणजे सुमारे सव्वादोन तास. मायएसक्यूएलमध्ये नकलेसाठी ‘बायनरी लॉग’ ही दुसरी कीर्द लागते. तीही दर व्यवहाराला तबकडीवर उतरवली, की साडेचार तासांवर गेलेच. दोन वह्यांमधली ये-जा वेगळी. मुलांच्या चौकशीत आम्ही हाच हिशेब मांडला.

पोस्टग्रेसमध्ये दुसरी वही नाही. तेथे नव्या तक्त्यात, तो केला त्याच व्यवहारात, ठोक माल भरला, तर कीर्द बरीचशी टाळण्याची सवलत मिळू शकते. नक्कल ठेवायची म्हटली की ती सवलत गेली, कारण दुसऱ्या यंत्राला पाठवायची ती कीर्दच!

उपाय साधा आहे. हजार नोंदींची मोट बांधून एकदाच पक्की करावी. कीर्दीला वेगळी तबकडी द्यावी. न फिरणारी, एसएसडी जातीची मिळाली तर फारच बरे. काहीजण वही लगेच उतरवण्याची अटच सैल करतात. वेग वाढतो खरा, पण वीज गेली की शेवटच्या नोंदी जातात, आणि त्या कोणाच्या तरी घामाच्या असतात. हजेरीपत्रकाला हा उपाय मी मान्य करणार नाही.

आणखी एक धोका आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘रेप्लिकेशन स्लॉट’ ठेवला आणि नकलेचे यंत्र बंद पडले, तर मुख्य यंत्र त्याच्यासाठी कीर्दीची पाने राखून ठेवते. ऐन भरणीच्या रात्री ती पाने तबकडी भरून टाकतात आणि सगळेच थांबते. २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून यावर मर्यादा घालता येते, पण ती आपणहून घालावी लागते. ती ओलांडली, की जुनी पाने जातात आणि नक्कल बहुधा मुळापासून करावी लागते. ते काम कोणत्या पाळीत, किती माणसांनी आणि कोणत्या जादा दराने करायचे, हे नक्कल सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या.