गच्चीवरची माती आणि कुंडीतील झाडांचे पोषण



कोणी विचारील, ज्या समाजाने लादलेली घाणीची कामे झुगारून दिली, त्याने आपल्या पक्क्या घरावर पुन्हा शेणखत का चढवावे? प्रश्न रास्त आहे. पण आपला नकार लाचारीला होता, मातीला नव्हता. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांनी जमिनीसाठी देशभर सत्याग्रह केला. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर आजही गुंठाभर जमीन नाही; गच्ची मात्र आहे. तिथली माती आपण समजून, स्वतःसाठी तयार करतो. यात कमीपणा कसला?

आपल्या जालना जिल्ह्यातील काळी माती कापसाला उत्तम, परंतु कुंडीत ती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते, सुकली की आवळते. मुळांना हवा मिळत नाही. म्हणून आम्ही एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा कुजलेला पालापाचोळा असे मिश्रण करतो. वर मूठभर निंबोळी पेंड. कच्चे शेण घालू नये. त्यातून हुमणी येते आणि मुळे भाजतात. कुंडीच्या बुडाला भोके हवीतच. मिश्रणाने ओझेही घटते. वीस लिटरच्या बादलीत नुसती ओली माती भरली तर वजन तीस किलोच्या पुढे जाते, हे स्लॅबचा विचार करताना ध्यानी ठेवावे.

शेतातील झाड मुळे लांबवून अन्न शोधते. कुंडीतील झाडाला ती सोय नाही. शिवाय जास्तीच्या पाण्याबरोबर खतही भोकांतून वाहून जाते. म्हणून एकदम ओंजळभर न देता थोडे थोडे, पण नियमाने द्यावे. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, किंवा कुजवलेल्या शेणाचे पाणी दहापट पातळ करून द्यावे. माती कोरडी असताना खत देऊ नये. आधी पाणी, मग खत.

तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. तो इथेही लागू पडतो. जुनी, खालची पाने पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते. आपल्या चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची टांगण्याऐवजी पान उलटून पाहावे.

पाण्याचे काय? २०१२-१३ चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कुंडीत घालावे, साबणाचे नको. मातीवर पाचोळ्याचा दोन बोटे थर दिला की उन्हाळ्यात ओल टिकते. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी खार साचते. पावसाळ्यात ती धुऊन निघू द्यावी.

खतासाठी पैसाच लागतो असेही नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून तिथल्याच गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून भाजीपाला आणि फळझाडे वाढवली. त्यामागे श्रीपाद दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'चा विचार होता. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. सामान्य माणसाने स्वतः प्रयोग करावेत, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता.

विद्यार्थी मित्रांनो, दोन कुंड्या घ्या. एकीत नुसती काळी माती, दुसरीत मिश्रण भरा. दोन्हींत मेथी पेरा आणि रोज वहीत नोंद करा. आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळून पाहा. हीच आपल्या धम्माची शिकवण आहे.