लवकर तयारी म्हणजे नेमकं काय?



मंडळाचा गणपती असो की कोणाच्या घरचं पॉटलक, मी आयटीत आहे म्हणून नववी-दहावीतल्या मुलांचे आईवडील मला हमखास विचारतात, "काय हो, कॉम्प्युटर सायन्सला अजून अर्थ आहे का?" आज त्यावरच बोलू या.

आधी आकडे बघू. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक २२ ते २७ वयाच्या पदवीधरांची विषयवार माहिती देते. २०२३ च्या आकडेवारीत कॉम्प्युटर सायन्सवाल्यांमध्ये बेकारी ६.१ टक्के होती आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये ७.५ टक्के. नर्सिंगमध्ये ती १.४ टक्के होती, तर सिव्हिलमध्ये फक्त १ टक्का. म्हणून कॉम्प्युटर सोडा, असं मी म्हणत नाही. ज्यांना नोकरी मिळाली, त्यांचे पगार चांगलेच आहेत. पण नुसत्या पदवीच्या नावावर आता हमी धरता येत नाही.

वायटूकेच्या सुमारास पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं कोबोल शिकून इथे आली. तेव्हा कंपन्या नवख्याला घ्यायच्या आणि छोटे प्रोग्रॅम, टेस्टिंग, रिपोर्ट अशी कामं देऊन घडवायच्या. नेमकी हीच कामं आता एआय करू लागलं आहे. त्यामुळे पहिल्याच मुलाखतीत प्रश्न येतो, "तू आजवर काय केलं आहेस?" त्याचं उत्तर पदवीच्या शेवटच्या वर्षी घाईघाईने तयार होत नाही.

म्हणूनच लवकर तयारी म्हणजे नववीत करिअर ठरवून टाकणं नव्हे. मुलांनी खरं काम लवकर जवळून बघावं, एवढंच.

इथल्या कायद्याने चौदाव्या वर्षापासून ठरावीक कामं करता येतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी जास्तीत जास्त ३ तास आणि शाळेच्या आठवड्यात १८ तास. काही राज्यांत नियम आणखी कडक आहेत, परवाना लागतो, ते बघून घ्या. "आपल्या मुलाने दुकानात कशाला उभं राहायचं?" असं म्हणू नका. वेळेवर पोचणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलणं, साहेबाला "मला हे समजलं नाही" असं सांगणं हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

बऱ्याच हायस्कूलमधून कम्युनिटी कॉलेजचे विषय घेता येतात. अकाउंटिंग आवडतं की नाही, हे एका सेमिस्टरमध्ये कळलेलं बरं. चार वर्षांची फी भरून कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त! आणि कामगार खात्याचं 'ऑक्युपेशनल आउटलुक हँडबुक' इंटरनेटवर फुकट आहे. काम काय असतं, शिक्षण किती लागतं, पगार किती मिळतो, सगळं त्यात आहे. आठवड्याला एक व्यवसाय मुलांबरोबर वाचा.

आता जरा नाजूक विषय. आपल्यातली बरीच मुलं एच-४ व्हिसावर आहेत. त्यांना पगाराची नोकरी करता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो. ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पुष्कळ घरांत मुलांना हे ठाऊकच नसतं. मित्र उन्हाळ्यात कामाला लागतात आणि आपण का नाही, हे त्यांना कळत नाही. दहावीतच शांतपणे सांगा. लायब्ररीतलं किंवा हॉस्पिटलमधलं स्वयंसेवेचं काम, शाळेतले प्रोजेक्ट, कॉलेजचे विषय हे मार्ग त्यांनाही मोकळे आहेत. मात्र बिनपगारी इंटर्नशिपही आधी वकिलाला विचारूनच घ्या. पुढे एफ-१ वर जावं लागलं, तर आजच्या नियमांप्रमाणे पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं, आणि विषय स्टेममधला असेल तर आणखी दोन वर्षं मागता येतात. म्हणजे विषयाची निवड आणि व्हिसा या दोन गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात. अकरावी संपायच्या आत वकिलाशी एकदा बोलून घ्या, आणि त्या वेळी मुलालाही शेजारी बसवा. आयुष्य त्याचं आहे.

तेव्हा या रविवारी जेवताना मुलांना "तू कोण होणार?" असं विचारू नका. "या उन्हाळ्यात कुठलं काम जवळून बघायला आवडेल?" असं विचारा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.