लग्न कशाने लागते?



आज तुम्हाला एक सोपा प्रश्न विचारतो. लग्न कशाने लागते?

कोणी म्हणेल, अक्षता पडल्या की लागते. कोणी म्हणेल, मंगळसूत्र बांधले की लागते. एखादी म्हातारी म्हणेल, "अरं, चार माणसं जेवून गेली की लागलं!" मुसलमान भाऊ सांगेल, साक्षीदारांपुढे कबूल म्हटले की निकाह झाला. ख्रिस्ती बहीण चर्चचे नाव घेईल. बौद्ध भाऊ त्रिसरण-पंचशीलाचे नाव घेईल.

सगळ्यांची उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. पण कायद्याचेही एक उत्तर असते. बाई सुखाने नांदत असते, तोवर ते कोणी विचारीत नाही. नवरा वारला आणि जमिनीला वारस लावायची वेळ आली, किंवा नवऱ्याने टाकले आणि पोटगी मागायची वेळ आली, की मग प्रश्न येतो, "बाई, तुमचं लग्न झालं होतं, हे कशावरून?"

म्हणून हा विषय मोठ्या लोकांचा नाही. तुमच्या-आमच्या घरातला आहे.

आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला सांगतो. १९६२ सालची गोष्ट. एका माणसाने पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न केले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरी बायको करणे गुन्हा ठरले होते. त्याच्यावर खटला झाला. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. तो वर वर गेला. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने त्याला सोडून दिले.

का सोडले? ते लग्न गांधर्व पद्धतीचे होते. हार घातले होते. दोघांची कपाळे एकमेकांना टेकवली होती. पण होम नाही, सप्तपदी नाही. कोर्ट म्हणाले, एक तर शास्त्राचे विधी हवेत, नाही तर हे विधी गाळण्याची जुनी रूढी आहे असे सिद्ध व्हायला हवे. इथे दोन्ही नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत दुसरे लग्न लागलेच नाही. लग्न नाही, तर गुन्हाही नाही!

पाहा कशी गंमत झाली. गंमत कसली, अन्यायच तो. होम केला असता, तर तो दोषी ठरला असता. अर्धवट विधी केले, म्हणून सुटला. पहिलीला सवत आली. दुसरीला बायकोचे नावही मिळाले नाही.

तेव्हा तुम्ही म्हणाल, "मग होम आणि भटजी सगळ्यांना सक्तीचाच करा!" थांबा. त्यालाही दुसरी बाजू आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्याला सत्यशोधक समाज काढला. त्या समाजात भटजीवाचून लग्ने लागू लागली. नवरा-नवरी मराठीत एकमेकांना वचन देत. नवरी वचन मागे, नवरा ते देई. खर्च थोडा, कर्ज नाही. पण काही गावांत जोशीबुवा दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात गेले. आता सांगा, ज्या जोडप्याने समजून उमजून मराठीत वचन दिले, त्याचे लग्न खोटे म्हणायचे का?

तिकडे तामिळ मुलखात पेरियार रामस्वामी यांनी स्वाभिमानाची चळवळ चालवली. तिथेही भटजीवाचून लग्ने लागली. १९५३ साली मद्रास हायकोर्टाने असे एक लग्न कायद्याने ग्राह्य नाही असे म्हटले. लोकांच्या पोटात धस्स झाले. अशी किती तरी घरे होती! शेवटी अण्णादुराई यांच्या सरकारने १९६७ साली कायदा केला. दोन हिंदूंनी नातेवाइकांपुढे किंवा मित्रमंडळींपुढे एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारले आणि हार घातला, अंगठी घातली किंवा ताली बांधली, की लग्न पक्के. आधीची तशी लग्नेही पक्की ठरली.

म्हणजे लोक पुढे जातात, आणि कायदा मागून येतो. कधी लवकर येतो, कधी उशिरा.

जातीबाहेरच्या लग्नाचेही तसेच झाले. निरनिराळ्या जातींच्या हिंदूंची लग्ने पक्की मानण्याचा कायदा सगळ्या देशासाठी १९४९ साली झाला. धर्माबाहेरच्या लग्नाची वाट तर आणखी बिकट होती. १८७२ च्या कायद्याने कचेरीत लग्न करता येई. पण "आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती कोणीच नाही," असे लिहून द्यावे लागे. धर्म सोडा, मग लग्न करा! १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट गेली. आता आपापला धर्म राखून दोघांना लग्न करता येते. मात्र आधी तीस दिवसांची नोटीस कचेरीत लावतात. काहींना ती बरी वाटते, कारण फसवणूक उघडी पडते. काही म्हणतात, त्या नोटिशीमुळे घरच्यांना सुगावा लागतो आणि मुलीला ओढून नेतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

वाद अजून संपलेला नाही. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला मान्यता द्यावी का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला. २०२३ साली पाच न्यायाधीशांनी सांगितले की असा कायदा करणे आमचे काम नाही, ते संसदेचे काम आहे. काही जण म्हणतात, रूढी मोडेल. काही म्हणतात, जन्मभर साथ देणाऱ्याला दवाखान्यात आणि वारसाच्या वेळी परके का ठरवता? तुम्ही दोन्ही बाजू ऐका. मग आपले मत करा. दुसऱ्याने सांगितले म्हणून माना डोलवू नका.

माझे मत विचाराल, तर कायद्याने तीन गोष्टी नीट पाहाव्यात. दोघे वयात आलेले आहेत ना? आज मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पुरी लागतात. दोघांची राजीखुशी आहे ना? आणि आधीचा जोडीदार हयात असून फसवणूक तर होत नाही ना? मंत्र कोणते म्हणायचे, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे.

आता कामाचे बोलतो. लग्न कोणत्याही रीतीने करा, पण त्याची नोंद करा. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून सगळ्या धर्मांच्या लोकांना लग्नाची सरकारी नोंद करावी लागते. आपल्याकडे १९९८ च्या कायद्याने गावातल्या ग्रामपंचायतीतच नोंद होते. लग्नानंतर नव्वद दिवसांत करावी. उशीर झाला तरी होते, शुल्क थोडे जास्त पडते.

पण एक ध्यानात ठेवा. नुसता कागद म्हणजे लग्न नव्हे. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता केवळ दाखला काढला, तर ते लग्न ठरत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२४ साली सांगितले आहे. आधी आपल्या रीतीने लग्न लावा. मग त्याची नोंद करा. आणि ज्यांना विधी नकोतच, त्यांनी विशेष विवाह कायद्याने कचेरीत लग्न करावे.

आणखी एक. आईबापांचे लग्न कायद्याने रद्द ठरले, तरी हिंदू विवाह कायद्याप्रमाणे त्यांची लेकरे औरस मानतात. लेकरांचा त्यात काय दोष? हे कायद्याला कळले, हे बरे झाले.

बहिणींनो, तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आपल्या लग्नाची नोंद नसेल, तर या आठवड्यात नवऱ्याला घेऊन ग्रामपंचायतीत जा. कागदावर काय लिहिले आहे, ते आधी स्वतः वाचा. नाव बरोबर आहे का, तारीख बरोबर आहे का, ते पाहा. आणि मग अंगठा पुढे करू नका. सही करा.

उद्या कोणी विचारले, "बाई, तुमचं लग्न कशावरून?" तर रडत बसावे लागणार नाही. पेटीतला कागद काढा आणि त्यांना वाचून दाखवा.